कांदा अडला की शेजारी का दुखावतो? – वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत शेजारी देशांबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत, आणि त्यातले बरेचसे निफाड, चांदवड, येवला भागातून आलेले आहेत. परराष्ट्र धोरण म्हणजे दिल्लीतली गोष्ट असं इथं कुणी मानत नाही, कारण त्याची झळ लासलगावच्या लिलावात त्याच दिवशी लागते. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा आमचा लाल कांदा नुकता बाजारात यायला लागला होता. भाव कोसळले, ते आमचं नुकसान समजतं. पण बांगलादेश, श्रीलंका यांनी नाराज व्हायचं काय कारण? आपण नाही विकलं तर त्यांनी दुसरीकडून घ्यावं. – कांदा उत्पादक, चांदवड तालुका

बांगलादेशात कांदा भरपूर पिकतो. पण त्यांचं मुख्य पीक मार्च-एप्रिलमध्ये निघतं. ते साठवून पावसाळ्यापर्यंत पुरवतात, आणि सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने ओढाताणीचे जातात. आपल्याकडे नेमकं त्याच वेळी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. चाळीतला उन्हाळ कांदा संपत आलेला, खरिपाचा लाल कांदा पावसानं लांबलेला, शहरांत भाव चढलेले. मग दिल्लीत बंदीची अधिसूचना निघते. म्हणजे आपला दरवाजा बंद होतो तो त्यांच्याकडे सर्वांत जास्त गरज असताना. हा योगायोग नाही, दोन्हीकडच्या पीकचक्राचा परिणाम आहे. म्हणूनच तो टाळण्याची व्यवस्था आधीपासून हवी.

दुसरीकडून घ्यायचं तर म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन, पाकिस्तान हे पर्याय आहेत. नाशिकहून निघालेला ट्रक चार-पाच दिवसांत पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोल नाक्याला पोचतो. इजिप्तचा कांदा समुद्रमार्गे यायला आठवडे लागतात. २९ सप्टेंबर २०१९ ला बंदी आली तेव्हा ढाक्यात किलोचा भाव तिथल्या चलनात २०० टकांच्या वर गेला आणि त्यांना विमानानं कांदा मागवावा लागला. पंतप्रधान शेख हसीना बंदीनंतर आठवड्याभरातच दिल्लीत होत्या. स्वयंपाक्याला कांदा न घालता जेवण करायला सांगितलंय, असं त्या हसत म्हणाल्या. पण त्यामागची मागणी गंभीर होती : बंदी घालायचीच असेल तर आधी कळवा. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा न कळवता बंदी आली आणि सीमेवर भरलेले ट्रक उभे राहिले. या वेळी ढाक्यानं लेखी नाराजी नोंदवली. बंदीपेक्षा तिची अचानकता जास्त लागते, कारण अचानकपणाला तोंड द्यायला लहान देशाकडे ना गोदामं असतात ना परकीय चलन.

आता उलटं उदाहरण पाहा. मालदीवला २०२४-२५ या वर्षासाठी भारतानं ३५,७४९ टन कांदा, १,२४,२१८ टन तांदूळ, ६४,४९४ टन साखर आणि ४२ कोटी ७५ लाख अंडी ठरवून दिली, आणि ती कोणत्याही निर्यातबंदीतून वगळली. हे जाहीर झालं एप्रिल २०२४ मध्ये. त्या वेळी मालेतलं नवं सरकार भारतीय सैनिकांना परत पाठवत होतं आणि दोन्ही देशांत कटुता टोकाला गेली होती. तरीही माल गेला, कारण १९८१ चा व्यापार करार आहे आणि त्यात दरवर्षी कोटा ठरतो. भांडण झालं म्हणून करार मोडला नाही. अशाच वार्षिक कोट्याची विनंती बांगलादेशानं डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या वाणिज्य मंत्रालयाकडे केली होती. तसा कोटा आधी ठरला असता तर पुढच्या वर्षीची बंदी ढाक्याला एवढी जाचली नसती, आणि लासलगावलाही किमान तेवढी मागणी हक्काची राहिली असती.

बंदीच्या काळात सरकारनं राष्ट्रीय सहकारी निर्यात लिमिटेडमार्फत काही कांदा सोडला. १ मार्च २०२४ ला बांगलादेशासाठी ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टन मंजूर झाले. एप्रिलअखेर बांगलादेश, श्रीलंका, भूतान, मॉरिशस, बहारीन आणि अमिराती असे सहा देश मिळून आकडा ९९,१५० टनांवर गेला. यात शेजाऱ्याला कांदा मिळाला, पण विनवणी करून. कोटा हा हक्क असतो, परवानगी ही मेहेरबानी असते. घेणाऱ्याला हा फरक बरोबर कळतो.

बंदी ४ मे २०२४ ला उठली. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मे ला होतं. पण बंदीच्या जागी ५५० डॉलर प्रतिटन किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क आलं. म्हणजे एक टन कांदा देशाबाहेर पडायचा तर कागदावर ७७० डॉलर, त्या वेळच्या दरानं किलोला सुमारे ६४ रुपये, आणि वाहतूक त्यावर वेगळी. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. पण एवढ्या काळात गिऱ्हाईक थांबलेलं नव्हतं. बांगलादेशानं उन्हाळी कांद्याच्या जाती आणि साठवणुकीवर जोर दिला, आणि स्वतःचं पीक चांगलं असेल तेव्हा आयात परवाने रोखून धरण्याची सवय लावून घेतली. आज तुमच्या कांद्याला तिकडून उठाव नसतो त्याचं एक मूळ २०१९ च्या त्या अचानक बंदीत आहे.

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतला कांद्याचा व्यापार करतो. आजवर मुंबईच्या निर्यातदारांना माल दिला. आता स्वतः बांगलादेशाला पाठवायचा विचार आहे. कोणते कागद लागतात आणि पैसे कुठे अडकतात? द्राक्षं पाठवायची तर काय? – व्यापारी, ३१ वर्षं

सुरुवात आयात-निर्यात कोडपासून करा. तो विदेश व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाइन मिळतो. त्यानंतर अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची, नोंदणी. ही दोन कामं सुरुवातीलाच करून ठेवायची, कोड मात्र दरवर्षी ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो; त्यात फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे.

बांगलादेशाच्या बाजूचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे आयातदाराचा इम्पोर्ट परमिट, व्यापारात याला नुसतं ‘आयपी’ म्हणतात. तो त्यांच्या कृषी विस्तार विभागाची वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) शाखा देते. राजकीय वारा ढाक्यात कुठल्या दिशेनं वाहतोय ते आयपीवरून सर्वांत आधी कळतं. त्यांच्या शेतकऱ्याचा कांदा निघायला लागला की कुठलीही बंदी जाहीर न करता नवे आयपी मिळेनासे होतात. म्हणून आयपीची प्रत हातात येईपर्यंत गोणी भरू नका. तोंडी ‘हो जाएगा दादा’ वर अजिबात नाही. प्रतीवर तीन गोष्टी तपासा : शिल्लक प्रमाण, मुदत आणि आयातदाराचं नाव. हेच नाव पतपत्रावर (आयातदाराच्या बँकेनं दिलेली पैशांची हमी), बीजकावर आणि फायटोसॅनिटरी, म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या, प्रमाणपत्रावर अक्षर न् अक्षर तेच हवं. ‘ट्रेडर्स’च्या जागी ‘ट्रेडिंग’ झालं तरी बँक कागद परत करते.

पतपत्र, म्हणजे एलसी, अपरिवर्तनीय आणि ‘अ‍ॅट साइट’ (कागद दाखवताच पैसे) मागा, आणि जमल्यास भारतीय बँकेनं दुजोरा दिलेलं, म्हणजे पैशांची हमी तिनंही घेतलेलं. २०२२ नंतर बांगलादेशात डॉलरची टंचाई झाली तेव्हा एलसी उघडायलाच आठवडे लागत होते, आणि उघडलेल्यांचे पैसेही रेंगाळले. दुजोऱ्याचा खर्च लागतो, पण पहिल्या चार-पाच व्यवहारांत तो वाचवू नका. जुलै २०२३ पासून दोन्ही देशांत काही ठरावीक बँकांमार्फत रुपयातही व्यवहार करता येतो. समोरच्याची बँक त्यात आहे का, हे विचारायला हरकत नाही.

आता कांद्याच्या व्यापाऱ्याला खरी फसवणारी जागा. कांदा वाटेत घटतो. ताडपत्रीखाली चार दिवस आणि सीमेवर तीन दिवस काढले की पत्ती सुटते, ओल उडते, तळच्या थरातल्या काही गोण्या चिघळतात. एलसीवर माल ‘५० किलोच्या ६०० गोण्या’ असा लिहिलेला असेल तर बँकांचे आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे यूसीपी ६००, तुम्हाला मोजणीत सूट देत नाहीत. तोच माल ‘३० टन’ असा वजनात लिहून घेतला तर ५ टक्के कमी-जास्त आपोआप चालतं, म्हणजे दीड टन. आकड्याआधी ‘सुमारे’ या अर्थाचा शब्द घालून घेतला तर १० टक्के. मात्र बिलाची रक्कम पाच टक्क्यांच्या सुटीत एलसीच्या रकमेवर जाता कामा नये. एवढी एक ओळ आधी बदलून घेतली की नंतरची निम्मी भांडणं टळतात. कागद माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांत आणि एलसीच्या मुदतीत बँकेत द्यायचे. ते तपासायला बँकेला पाच कामकाजाचे दिवस असतात.

माल निघण्याआधी वनस्पती संगरोध कार्यालयाकडून फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र घ्या. आयपीवर एखादी खास अट असेल, उदाहरणार्थ माल मातीविरहित असावा, तर ती प्रमाणपत्रातल्या जादा घोषणेच्या रकान्यात तशीच उतरली पाहिजे. साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली शुल्कात सवलत मागायची असेल तर मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा अर्ज, सीमाशुल्काच्या संगणक प्रणालीत भरायचं. त्यासाठी पेट्रापोलचा कस्टम एजंट नेमा, नाशिकमधला नको. हिली, महादीपूर आणि घोजाडांगा ही दुसरी नाकी आहेत. गर्दी पाहून एजंटच कुठलं घ्यायचं ते सुचवतो. पश्चिम बंगालमध्ये सीमेवर जाणाऱ्या ट्रकांना ‘सुविधा’ पोर्टलवर वेळ आरक्षित करावी लागते. ती न घेता निघालेला ट्रक बनगावजवळ उभा राहतो. त्यानंतर आपला ट्रक पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोलच्या आवारात जातो, तिथं माल त्यांच्या गाडीत उतरवतात, आणि गाडी रिकामी परत येते.

एक कागद गळ्यातल्या ताइतासारखा जपा : ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’, सीमाशुल्काची अंतिम परवानगी. बंदीची अधिसूचना साधारण संध्याकाळी उशिरा निघते आणि लगेच लागू होते. परराष्ट्र व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५ प्रमाणे आधी उघडलेल्या एलसींना संरक्षण असतं, असं पुष्कळ जण धरून चालतात. पण १४ सप्टेंबर २०२० च्या अधिसूचनेनं ते संरक्षण लागू होणार नाही असं स्पष्ट म्हटलं होतं. डिसेंबर २०२३ ला ज्यांचा माल अधिसूचनेआधी सीमाशुल्काच्या ताब्यात देऊन प्रणालीत नोंदला गेला होता त्यांना सोडलं. म्हणून नोंदीची तारीख आणि वेळ दाखवणारी प्रत हातात ठेवा. ट्रक अजून वाटेत असेल तर वाट पाहू नका. रायपूरच्या अलीकडे असाल तर तिथंच निर्णय घ्या, आणि माल कोलकाता, सिलिगुडी किंवा पाटण्याच्या बाजारात वळवा. २०२० साली ‘दोन दिवसांत उघडेल’ या आशेवर सीमेवर थांबलेल्यांचा कांदा ट्रकातच सडला. लाल कांदा तर उन्हाळसारखा टिकतच नाही, पंधरा-वीस दिवसांत त्याला कोंब येतात.

द्राक्षाबद्दलही तुम्ही विचारलंय. तिथं अडचण आपल्या बंदीची नाही, त्यांच्या आयात शुल्काची आहे, आणि ते वाढत गेलंय. त्या वर्षीचा दर आयातदाराकडून लेखी घेतल्याशिवाय सौदा करू नका.

प्रश्न : नेपाळच्या नोटा नाशिकरोडला छापल्या जायच्या, असं वडील सांगायचे. खरं आहे का? – जेल रोड, नाशिकरोड

खरं आहे. नेपाळच्या पहिल्या कागदी नोटा १९४५ मध्ये चलनात आल्या आणि त्या इथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या होत्या. त्याआधी तिथं नाणीच चालत. नेपाळ राष्ट्र बँक १९५६ मध्ये स्थापन झाली. पुढे नेपाळनं नोटा इतर देशांतून छापून घेतल्या.

चलनाचं नातं मात्र आजही घट्ट आहे. फेब्रुवारी १९९३ पासून १ भारतीय रुपया बरोबर १.६० नेपाळी रुपये, हा दर नेपाळनं बांधून ठेवलाय. भूतानचा ङुल्ट्रुम आपल्या रुपयाबरोबर एकास एक आहे. सोय मोठी, पण याचा अर्थ आपली महागाई आणि आपले निर्णय त्यांच्या घरात थेट शिरतात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत नेपाळच्या बँकांकडे आणि लोकांकडे रीतसर असलेल्या ५०० आणि १,००० च्या भारतीय नोटा अडकल्या आणि त्या बदलून देण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळला. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळनं १०० पेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली, ती या अनुभवानंतर.

प्रश्न : ‘भारतानं अमुक देशाला इतक्या कोटी डॉलरचं लाइन ऑफ क्रेडिट दिलं’ अशी बातमी येते. हे अनुदान असतं की कर्ज? आणि पैसे दिल्यावर कामं एवढी का रखडतात? – स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, गंगापूर रोड

दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. अनुदान परराष्ट्र मंत्रालयाच्या अर्थसंकल्पातून जातं. २०२५-२६ मध्ये त्यात भूतानला २,१५० कोटी, नेपाळला ७००, मालदीवला ६००, श्रीलंकेला ३०० आणि बांगलादेशाला १२० कोटी रुपये धरले होते. लाइन ऑफ क्रेडिट हे कर्ज असतं, ते एक्झिम बँक, म्हणजे सरकारी निर्यात-आयात बँक, देते आणि व्याजातला फरक भारत सरकार भरतं.

डिसेंबर २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत देशांचे तीन गट आहेत. अल्प आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या ज्या देशांना नाणेनिधीनं सवलतीचंच कर्ज घेण्याची अट घातलीय, त्यांना १.५ टक्का व्याज, २५ वर्षं मुदत. त्याच उत्पन्नगटातल्या बाकीच्यांना १.७५ टक्के, २० वर्षं. इतर विकसनशील देशांना बाजाराशी जोडलेला दर आणि १५ वर्षं. तिन्हींत पहिली ५ वर्षं मुद्दल फेडायचं नसतं. दुसऱ्या गटातला देश १० कोटी डॉलर घेतो असं धरा. सगळी रक्कम उचलल्यावर सवलतीच्या काळात तो वर्षाला साडेसतरा लाख डॉलर व्याज भरेल, आणि नंतरच्या १५ वर्षांत दरवर्षी सुमारे ६७ लाख डॉलर मुद्दल अधिक घटत जाणारं व्याज.

आता मुख्य अट : या पैशातून किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. बांधकामाच्या कामांत ही अट आणखी १० टक्क्यांपर्यंत सैल करता येते. पैसे त्या देशाच्या खात्यात जात नाहीत, एक्झिम बँक भारतीय कंत्राटदाराला थेट देते. रेल्वेचे डबे, पंप, वीज उपकरणं असतील तर अट सहज पाळता येते. रस्ता बांधायचा असेल तर खडी, वाळू, विटा, मजूर हे सगळं स्थानिकच असतं, मग ७५ टक्के कुठून आणायचे? इथं पहिली गाठ बसते. दुसरी गाठ मंजुरीची. प्रकल्प अहवाल, निविदा, कंत्राट, प्रत्येक टप्प्याला त्यांच्या मंत्रालयाची आणि आपल्या बँकेची अशी दुहेरी संमती लागते. फक्त भारतीय कंपन्याच बोली लावणार असल्यानं बोलीदार कमी येतात, भाव अंदाजापेक्षा वर जातो, आणि फेरनिविदा निघते. तिसरी गाठ भूसंपादनाची, ती आपल्याकडेही ओळखीची आहे. बांगलादेशाला २०१० पासून तीन टप्प्यांत मिळून ७०० कोटी डॉलरहून अधिक कर्ज जाहीर झालं, पण प्रत्यक्ष उचल फार हळू झाली. रक्कम जाहीर करण्याचा दिवस दोन्ही पंतप्रधानांचा असतो, त्यानंतरची आठ वर्षं फायलींची असतात. परीक्षेत आकडा विचारतील, पण नातं घडतं किंवा बिघडतं ते या आठ वर्षांत.

वेग दाखवला तर काय होतं हे श्रीलंकेत २०२२ ला दिसलं. परकीय चलन संपलेलं, पेट्रोलपंपांवर दिवसरात्र रांगा. जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं ४० कोटी डॉलरची चलन अदलाबदल दिली, फेब्रुवारीत इंधनासाठी ५० कोटी डॉलर, मार्चमध्ये स्टेट बँकेमार्फत अन्न-औषधांसाठी १०० कोटी. आशियाई क्लिअरिंग युनियनमधली, म्हणजे आशियाई देशांचे आपसातले व्यापारी हिशेब मिटवणाऱ्या व्यवस्थेतली, देणी पुढे ढकलली. वर्षभरात सगळं मिळून सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत झाली. इथं मोठे पूल किंवा बंदरं नव्हती, डिझेलची जहाजं होती, आणि ती वेळेवर पोचली.

प्रश्न : एवढं करूनही हे देश चीनकडे का जातात? – नामपूर, ता. बागलाण

लहान देश दोन सावकार ठेवतो, कारण एकच सावकार असला की अटी तोच ठरवतो. यात कृतघ्नपणा नाही, व्यवहार आहे. चीन मोठं काम झटपट उभं करून देतो, आणि त्याची किंमत नंतर कळते. हंबनटोटा बंदर श्रीलंकेला २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यावं लागलं. पण आपण अनवधानानं शेजाऱ्याला तिकडे कसं ढकलतो, ते पुढच्या उत्तरात वाचा.

प्रश्न : २०१५ ला नेपाळची नाकेबंदी भारतानं केलीच नव्हती, मधेशी आंदोलकांनी रस्ता अडवला होता. मग नेपाळी माणूस अजून आपल्यालाच दोष का देतो? – निवृत्त शिक्षक, सिन्नर

भारताची अधिकृत भूमिका तुम्ही म्हणता तीच होती, आणि वीरगंज-रक्सौलच्या पुलावर आंदोलक बसले होते हेही खरं. पण घटनांचा क्रम पाहा. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप. त्यात भारताची मदत सर्वांत आधी पोचली आणि तिचं खूप कौतुक झालं. २० सप्टेंबरला नवी राज्यघटना जाहीर झाली. तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातल्या, मधेशींना ती अन्यायकारक वाटली, आणि दिल्लीनंही आपली नाराजी उघड केली. त्यानंतर लगेच ट्रक थांबले, आणि ज्या नाक्यांवर आंदोलक नव्हते तिथंही इंधनाच्या टँकरची ये-जा रोडावली. नेपाळचं पेट्रोल-डिझेल १९७४ पासून इंडियन ऑइलकडूनच येतं. चार-साडेचार महिने असे गेले, तेही भूकंपानं घर पडलेल्यांचा हिवाळा. नेपाळ ऑइल कॉर्पोरेशननं सिलिंडर अर्धे भरून विकले, १४.२ किलोऐवजी ७.१. ज्या बाईनं त्या अर्ध्या सिलिंडरसाठी रांग लावली तिला परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन पटणार नाही. शिवाय मागची आठवण होती : मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमन करार संपले तेव्हा भारतानं बहुतेक नाकी खरोखरच बंद केली होती.

परिणाम कागदावर आहे. मार्च २०१६ मध्ये नेपाळनं चीनशी पारगमन करार केला, आणि २०१९ मध्ये चीनची चार सागरी बंदरं वापरण्याच्या पूरक करारावर सही झाली. अंतर पाहता त्या बंदरांतून माल आणणं नेपाळला परवडत नाही, पण आपल्याशी बोलताना हातात एक कागद असणं त्यांना हवं होतं. भूतानमध्येही जुलै २०१३ ला निवडणुकीच्या तोंडावर आपण गॅस आणि रॉकेलवरचं अनुदान अचानक थांबवलं, नंतर ते परत सुरू झालं, पण तिथल्या लोकांनी तो महिना लक्षात ठेवला.

दुरुस्तीही झाली, ती सांगायला हवी. मोतिहारी-अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. वाहिनी रस्त्यावर बसून अडवता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट वीज घेण्याचा करार झाला, आणि १५ नोव्हेंबर २०२४ ला नेपाळची ४० मेगावॉट वीज आपल्या तारांवरून बांगलादेशाला गेली. फक्त ज्या जलविद्युत प्रकल्पात चिनी पैसा किंवा कंत्राटदार आहे, त्याची वीज आपण घेत नाही. त्यामागची काळजी समजते, पण काही नेपाळी प्रकल्पांना ही अट बांधकाम झाल्यावर लागली, आणि तक्रार त्याचीच आहे.

प्रश्न : गंगा पाणीवाटपाच्या कराराची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. करार नेमका चालतो कसा? आणि तिस्ता नदीचा करार का अडला? – पाणी वापर संस्थेचे पदाधिकारी, दिंडोरी

तुम्हाला हे समजावणं सोपं आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के पाणी नसेल तर गंगापूर, दारणा, पालखेड समूहातून पाणी सोडायचं, हा २०१४ चा आदेश तुम्ही दर दुष्काळात अनुभवता. गोदावरीवर आपण वरच्या अंगाला आहोत. गंगेवर भारत वरच्या अंगाला आहे आणि बांगलादेश पैठणच्या जागी. वरच्याला वाटतं आपलं पाणी चाललं, खालच्याला वाटतं आपला हक्क अडवला, आणि दोघांचाही मोजणीवर विश्वास नसतो.

फरक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला. हुगळीत पाणी वळवून कोलकाता बंदरातला गाळ ढकलायचा, हा हेतू, त्यासाठी सुमारे ३८ किलोमीटरचा कालवा. सुरुवातीला ४१ दिवसांची चाचणी म्हणून सहमती झाली होती. मुदत संपल्यावरही पाणी वळवणं चालूच राहिलं, आणि बांगलादेश १९७६ मध्ये हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत घेऊन गेला. तिथला अविश्वास इतका जुना आहे.

१२ डिसेंबर १९९६ चा तीस वर्षांचा करार फक्त १ जानेवारी ते ३१ मे या काळापुरता आहे, आणि हिशेब दहा-दहा दिवसांचा. फरक्क्याला प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मा-निम्मा. ७० ते ७५ हजारांत असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेला भारताला. ७५ हजारांच्या वर गेला तर भारताला ४०,००० आणि उरलेला त्यांना. म्हणजे ६० हजार असेल तर ३०-३०, ७२ हजार असेल तर त्यांना ३५ आणि आपल्याला ३७, ९० हजार असेल तर आपल्याला ४० आणि त्यांना ५०. सर्वांत कोरडे दिवस ११ मार्च ते १० मे. त्यात एका आड एक दहा दिवस प्रत्येकाला ३५,००० क्युसेकची हमी आहे : त्यांना ११ ते २० मार्च, १ ते १० एप्रिल, २१ ते ३० एप्रिल, आणि मधले तीन टप्पे आपल्याला. मोजणी फरक्क्याला आणि पलीकडे हार्डिंज पुलाजवळ, दोन्ही देशांचे अभियंते एकत्र करतात. ही संयुक्त मोजपट्टी हा कराराचा सर्वांत भक्कम भाग आहे. जायकवाडीच्या वादात नेमकी तीच उणीव जाणवते.

दुखणं दोन ठिकाणी आहे. एक, वाटपाचा तक्ता १९४९ ते १९८८ च्या सरासरी प्रवाहावर बेतलेला आहे. त्यानंतर उत्तर प्रदेश आणि बिहारमधला उपसा वाढला, त्यामुळे कोरड्या टप्प्यांत फरक्क्यापर्यंत तेवढं पाणी पोचेलच असं नाही. दोन, १९७७ च्या करारात ८० टक्क्यांची किमान हमी होती, ती १९९६ मध्ये नाही. प्रवाह कुठल्याही दहा दिवसांत ५०,००० क्युसेकच्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी तातडीनं बसून ठरवायचं, एवढंच कलम आहे. बांगलादेश नव्या करारात ही हमी परत मागतो.

तिस्तेचं तुम्ही शेवटी विचारलंय. पाणी हा आपल्या घटनेत राज्याचा विषय आहे, परदेशाशी करार हा केंद्राचा. कलम २५३ खाली संसद कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा करू शकते, पण राज्याला डावलून धरणाचे दरवाजे उघडणं व्यवहारात होत नाही. १९९६ ला मुख्यमंत्री ज्योती बसू चर्चेत सुरुवातीपासून होते, म्हणून गंगेचा करार झाला. सप्टेंबर २०११ ला तिस्तेचा मसुदा तयार होता, पंतप्रधान ढाक्याला निघाले, आणि मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी ऐनवेळी नकार दिला. सही झाली नाही, आणि आजवर झालेली नाही. नव्या गंगा कराराच्या बोलण्यांत पश्चिम बंगाल आणि बिहारचे पाटबंधारे खात्याचे लोक कितव्या बैठकीपासून बसतात, तिकडे लक्ष ठेवा.